मधल्या सुट्टीत दाखवायची शाळा

किल्लीमावशींकडून घर बघायचं म्हणजे आधी मन घट्ट करावं लागे. बाकीचे दलाल गिऱ्हाइकाला पहिल्यांदा गॅलरीत नेतात, वारा खायला लावतात, समोरचं झाड दाखवतात, आणि न्हाणीघरातली ओल निघता निघता स्वतःच्या पाठीआड दडवून उरकून टाकतात. मावशींचं सगळं उलटं. दार उघडलं की सरळ ओलीपाशी. "ही बघा. मालक दर वर्षी रंग देतो आणि ही दर वर्षी परत येते. चालत असेल तर पुढच्या खोल्या दाखवते, नसेल तर तुमचे-माझे पाय कशाला झिजवायचे?" माणसं चपापायची. पण सगळ्यात वाईट ते आधीच बघून झालेलं असायचं, त्यामुळे पुढची प्रत्येक खोली त्यांना जरा जास्तच आवडायची. मालक लोक कपाळाला हात लावायचे. घर मात्र जायचं, आणि मावशींनी दिलेल्या घराची तक्रार सहसा परत यायची नाही.

कमरेला किल्ल्यांचा एवढा थोरला जुडगा, की मावशी वळणावर दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. नाव त्यावरूनच पडलेलं. वस्तीतली निम्मी बिऱ्हाडं त्यांनी थाटून दिलेली. कुठल्या मजल्यावर पाणी चढत नाही, कुठल्या भिंतीतून शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं, सगळं तोंडपाठ. आणि तोंडही असं, की समोरचा कितीही मोठा असो, भीडभाड म्हणून नाही.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात काय चाललंय हे तिला सगळ्यात शेवटी कळावं, याला काय म्हणायचं?

घर दोन मजल्यांचं. खाली मावशी, वर मुलगा, सूनबाई आणि नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती कधी चालायचीच नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मावशी वरच्या पावलांवर जगत होत्या म्हटलं तरी चालेल. मुलाची पावलं जड, सूनबाईंची भरभर, आणि भिंगरीची धाडधाड. छताकडे बघून त्या ओरडायच्या, "खाली माणूस राहतं गं!" आणि वरून आवाज थांबला की बेचैन व्हायच्या.

भिंगरीची पाचवी संपत आली होती. पुढचे वर्ग तिच्या लहान शाळेत नव्हते. सहावी ते आठवीची सरकारी शाळा गल्लीच्या टोकालाच होती, पिवळ्या भिंतींची, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तिचं नाव काढलं की माणसं तोंड वाकडं करायची. आत कोणी गेलेलं नव्हतं, मत मात्र प्रत्येकाला होतं. बेकरीवाला म्हणे तिथली पोरं उनाड आहेत, बेकरीवाल्याला ते सांगितलं होतं शिंप्याने, आणि शिंप्याला विचारावं तर तो बेकरीवाल्याचं नाव सांगायचा. ज्याला झेपेल तो पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत मुलं घालत होता. त्यात शिक्षण खात्याने कळवलं, की यंदा सहावीचा वर्ग भरला नाही तर सहावी उघडणारच नाही, आणि पुढे सगळी शाळाच पुलापलीकडे नेऊन मिसळून टाकणार. मग तर काय, बुडत्या बोटीत कोण बसतंय?

मावशींना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मुलाने आणि सूनबाईंनी पुलापलीकडे एक फ्लॅट बघून ठेवला होता. तोही दुसऱ्या दलालाकडून!

त्या दलालानेच बातमी सांगितली, रस्त्यात, दात काढत. मावशी घरी आल्या आणि जिना चढून वर गेल्या. सहसा त्या चढत नसत, गुडघे कुरकुरायचे.

"माझ्याकडून नाही बघितलंत ते एक वेळ सोडा," त्या म्हणाल्या, "पण मला सांगायचं तरी."

सूनबाई दवाखान्यात नर्स, आडपडदा तिलाही जमत नसे. ती म्हणाली, "आई, आम्ही शाळा बघून आलो. सुट्टीच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. फरशी लख्ख, भिंती लख्ख, टेबलावर फुलं. पण आत शिरलो आणि अंगावर काटा आला. एवढाल्या रिकाम्या खोल्या, आपल्याच चपला वाजतायत. कोणी मोठ्याने बोलेना. मेल्यासारखी शाळा आहे ती. तिथे मी भिंगरीला नाही पाठवायची."

"सुट्टीच्या दिवशी?" मावशींनी विचारलं. "म्हणजे पोरं नव्हती?"

"मुद्दाम सुट्टीचा दिवस धरला होता. शाळा स्वच्छ दिसावी म्हणून."

आता मावशींना उलगडा झाला. रिकामं घर कोणी दाखवतं का? ज्या खोलीत पलंग, टेबल, कपाट मावतं, तीच खोली रिकामी बघितली तर गिऱ्हाईक म्हणतं, इथे माझा पलंगसुद्धा बसणार नाही. दलालीच्या धंद्यातलं हे पहिलं शहाणपण. म्हणून मावशी जमेल तेव्हा भाडेकरू राहत असतानाच घर दाखवायच्या, चुलीवर काहीतरी शिजत असताना. आणि इथे एका मुख्याध्यापिकेने आख्खी शाळा रिकामी करून दाखवली होती.

"मला थोडे दिवस द्या," त्या म्हणाल्या. "मी बघते ती शाळा. घर बघतात तशी."

"तुम्ही चांगलंच सांगणार," सूनबाई म्हणाली. आवाज कडू नव्हता, पण स्पष्ट होता. "आम्ही जाऊ नये असं तुम्हाला वाटतं. तुमचा जीव अडकलाय त्यात."

खरं होतं ते. मावशींचा जीव अडकला होता. त्यांनी आयुष्यभर लोकांची घरं भरली आणि आता त्यांचंच घर रिकामं होणार होतं. वर पावलं नसलेलं घर कसं असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं, त्यांनी तशी पुष्कळ दाखवली होती. पण सुनेसमोर रडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"खोट दिसली तर मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "आणि मग तुमचं सामान मीच बांधून देईन. टेम्पोसुद्धा मीच बोलवीन, तुम्हाला लुटतील नाहीतर."

दुसऱ्या दिवशी मावशी शाळेत हजर. मुख्याध्यापिकेला शाळेत मोठ्या बाई म्हणत. चष्मा कपाळावर, बोटांना शाई, डोळ्यांखाली काळं. बाई शाळेसाठी मरत होती हे दिसतच होतं. मावशींनी रिकाम्या खोल्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"पोरं दंगा करतात हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लोक पहिल्यांदाच येतायत, त्यांना शाळा नीटनेटकी दिसावी."

"नीटनेटकी दिसली," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यातल्या रिकाम्या खाटेसारखी. आता मला जरा हिंडू द्या."

मग त्या हिंडल्या. एखादा फ्लॅट बघावा तसं त्यांनी सगळे नळ उघडून पाहिले, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या, जिन्याखाली नाक खुपसलं. दुपारचं ऊन कुठल्या वर्गात येतं आणि तिथली पोरं कशी पेंगतात ते पाहिलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून राहणाऱ्या म्हातारीला जाऊन विचारलं, की दिवसभर काय ऐकू येतं? रडणं, की हसणं? म्हातारी म्हणाली, दोन्ही, पण मास्तरांचं ओरडणं तेवढं कमी. मावशींनी मान डोलावली.

आणि मुख्य म्हणजे त्यांनी आठवीच्या मुलांना गाठलं. जो घर सोडून चाललाय त्या भाडेकरूला विचारावं, मालकाला नाही, ही त्यांची जुनी रीत. जाणाऱ्याला खोटं बोलायची गरजच नसते. पोरं आधी लाजली. मग अशी सुटली की मावशींना एका वेळी एकच बोला म्हणून दटावावं लागलं. विज्ञानाचे सर फार छान, गोष्टी मोडून दाखवतात आणि आपल्यालाच जोडायला लावतात. मुलींच्या बाजूचा नळ गळतो. ग्रंथालयात नवी कोरी पुस्तकं आहेत पण कुलूप असतं, पुस्तकं खराब होतील म्हणून. सहावीची नवी मुलं आली की आठवीची मुलं त्यांना वर्ग शोधून देतात, आम्हालाही कोणीतरी दिला होता. आणि गणिताला शिक्षक नाही.

"नाही म्हणजे?"

"गणिताच्या बाईंची बदली झाली. विज्ञानाचे सर मधल्या व्हरांड्यात उभे राहतात, इकडच्या वर्गाला विज्ञान आणि तिकडच्या वर्गाला गणित."

गळका नळ हा नळ असतो, प्लंबर बोलावला की झालं. पण गणिताला शिक्षक नाही म्हणजे भिंतच नाही म्हणायची. आणि सूनबाईला हे कळलं, की टेम्पो आलाच.

मोठ्या बाईंनी खाली मान घालून कबूल केलं. खात्याला कळवून दमले म्हणाल्या. खातं म्हणतं, आधी वर्ग भरू दे, मग शिक्षक. पालक म्हणतात, आधी शिक्षक, मग आम्ही. मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, परत पालकांना बोलवू म्हणताय तर बोलवू, पोरं असताना, मधल्या सुट्टीतच बोलवू. फक्त एवढं एक नका ना सांगू. एकदा नावं दाखल झाली की शिक्षक मिळेलच."

मावशी शाळेच्या पायरीवर बसल्या. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन एकेक किल्ली उगाच फिरवत राहिल्या. गप्प बसणं किती सोपं होतं. शाळा सुरू होईपर्यंत कोणाला कळणार नव्हतं, आणि तोवर तो पलीकडचा फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतलाही असता. भिंगरी वर राहिली असती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा ओल झाकायची. पण मग पुढे सुनेच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा होता? त्या उठल्या, पाठ झटकली आणि आत जाऊन म्हणाल्या, "बाई, ते मी पहिल्यांदाच सांगणार."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मावशींनी मग घरोघर जाऊन बोलावणं केलं. ज्यांना ज्यांना घर दिलं होतं आणि ज्यांच्या घरात सहावीत जाणारं मूल होतं, त्या सगळ्यांना. "मधल्या सुट्टीत यायचं. कानात बोळे घालून नका येऊ, ऐकायलाच यायचंय." मावशींनी आजवर कोणाला फसवलं नव्हतं, म्हणून लोक आले. मुलगा रजा काढून आला. सूनबाई ड्यूटीवरून तशीच आली, हाताची घडी घालून.

घंटा झाली आणि शाळा फुटली. जिन्यावरून पोरं कोसळली, कोणी डबा सांभाळत, कोणी दुसऱ्याचा डबा पळवत. पालक भिंतीला चिकटून उभे राहिले. मोठ्या बाई पांढऱ्याफटक.

मावशींनी सगळ्यांना सरळ मुलींच्या बाजूच्या नळापाशी नेलं. "हा गळतो. वरच्या प्रयोगशाळेचं छतही एका कोपऱ्यात पाझरतं. ग्रंथालयाला कुलूप आहे. आणि आता सगळ्यात वाईट ते ऐका. गणिताला शिक्षक नाही."

मुलाने आईकडे असं पाहिलं, की ही काय करतेय? सूनबाईच्या हाताची घडी सुटली. तिने हे अपेक्षिलं नव्हतं. पण नर्सच ती, ऐकीव गोष्टीवर तिचं भागणारं नव्हतं. नळावर पाणी पिणाऱ्या एका मुलीला तिने थांबवलं. सातवीतली असेल, वेणी सुटलेली, कोपर खरचटलेलं.

"बाळ, तुला इथे काय आवडत नाही?"

मुलगी तोंड पुसत विचारात पडली. मग बोटांवर मोजत सुरू झाली. "हा नळ. ग्रंथालयाचं कुलूप. कवितेच्या तासाला आम्हाला बाहेर बसू देत नाहीत ते. आणि गणिताला कोणी नाही, म्हणजे विज्ञानाचे सर शिकवतात, पण त्यांचा घसा बसतो. मी मोठ्या बाईंना तीनदा सांगितलं."

"चारदा," मागून मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलगी वळली. बाई तिथेच आहेत हे तिला आत्ता कळलं. आणि ती घाबरली नाही. जीभ चावली नाही की बाईंच्या तोंडाकडे बघून शब्द फिरवले नाहीत. "हो, चारदा," ती म्हणाली. "मग कुलूप कधी काढणार?"

सूनबाई त्या मुलीकडे बघतच राहिली. दवाखान्यात तिने अशी माणसं रोज पाहिली होती, जी डॉक्टर समोर आले की दुखतंय ते दुखत नाही म्हणतात. ही पोरगी सगळ्या शाळेच्या मालकिणीसमोर, चार लोकांत, जे दुखतंय त्यावर बोट ठेवत होती आणि वर उत्तर मागत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही पोरं घाबरत नाहीत."

"मला हे दिसलं नव्हतं गं," मावशी म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. त्यांनी नळ पाहिले, कड्या पाहिल्या, ऊन पाहिलं. पण ज्या घरातला माणूस मालकासमोर तक्रार करू शकतो ते घर राहण्यालायक असतं, हे त्यांच्याच धंद्यातलं शहाणपण त्यांना सुनेने दाखवून दिलं. आणि ते घर मोठ्या बाईंनी बांधलं होतं, फुलं मांडून नव्हे, चार वेळा ऐकून घेऊन.

मोठ्या बाईंनी पर्समधून ग्रंथालयाची किल्ली काढली आणि त्या सुटलेल्या वेणीवालीच्या हातात दिली. कुलूप उघडलं तशी पोरं आत घुसली. पुस्तकं खराब व्हायला तेव्हापासून सुरुवात झाली ती आजतागायत चालू आहे.

पण गणित राहिलंच होतं. घोडं अडलं होतं ते खात्याच्या आणि पालकांच्या मध्ये, आधी कोण या वादात. मावशींना या वादाचा चांगला सराव होता. मालक म्हणतो आधी पैसे, भाडेकरू म्हणतो आधी किल्ली. त्यावर उपाय एकच, दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि एका वेळी दोन्ही हात पुढे करायचे. सगळ्या पालकांनी प्रवेशाचे अर्ज भरले आणि मोठ्या बाईंना न देता सूनबाईच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी ती सगळी वरात शिक्षण खात्यात गेली.

साहेब भला माणूस होता, पण नियमाचा. "अर्ज ठेवून जा," तो म्हणाला. "वर्ग भरला की शिक्षकाचं बघू."

"साहेब, वर्ग भरलाय," मावशी म्हणाल्या. "तो हिच्या हातात आहे."

सूनबाई पुढे झाली. "पुलापलीकडच्या शाळेत गणिताचे शिक्षक गरजेपेक्षा जास्त आहेत, मी चौकशी केलीय. त्यातले एक इकडे पाठवल्याचा आदेश द्या, मी अर्ज देते. तुम्ही सोडा, मी सोडते." हे बोलताना तिचा आवाज अगदी मावशींसारखा झाला होता. मुलाने चमकून आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती, हसू लपवायला.

साहेबाने किल्लीमावशींबद्दल ऐकलेलं असावं, कारण त्याने जुडग्याकडे एकदा पाहिलं आणि फार ताणलं नाही. आदेश टाइप होऊन आला. तो टेबलावरून इकडे सरकला आणि अर्ज तिकडे. बातमी कळताच खाली थांबलेल्या पालकांनी एवढा गलका केला की शिपाई धावत आला.

त्या संध्याकाळी पलीकडच्या दलालाने मुलाला फोन केला, फ्लॅटचं काय ठरलं म्हणून. मुलाने फोन आईकडे दिला. अशी संधी मावशी सोडतात होय? "अहो, तो फ्लॅट मी बघून आलेय," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात ओल आहे. गिऱ्हाइकाला आधी दाखवत जा." आणि फोन ठेवला.

सहावीचा वर्ग भरला. इतका, की बाकं कमी पडली आणि विज्ञानाच्या सरांनी मोडकी बाकं आणून मुलांनाच जोडायला लावली. पहिल्या दिवशी भिंगरी एकटी चालत शाळेत गेली. चालत म्हणजे अर्थात पळत. मावशी दिवसभर दारातच. आज किल्ल्या वाजल्या नाहीत, कारण त्या कुठे गेल्याच नाहीत.

शाळा सुटली आणि भिंगरी दप्तर फेकत आत आली. मावशींनी तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि विचारलं, "काय आवडलं नाही?"

भिंगरीने श्वास घेतला आणि सुरू झाली. बाक डुगडुगतं. खिडकीतून ऊन येतं आणि फळा दिसत नाही. शेजारची मुलगी फार बोलते. गणिताचे नवे सर चांगले आहेत पण फळ्यावर अक्षर एवढंसं काढतात. डबा खायला वेळ पुरत नाही. मावशी एकेक तक्रार ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे भरून येत होते, आणि आज त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आणि आजी," भिंगरी म्हणाली, "मी हे सगळं मोठ्या बाईंना सांगितलंसुद्धा."

मग ती उठली आणि जिन्यावरून धाडधाड वर गेली. मावशींनी छताकडे पाहिलं. खाली माणूस राहतं, हे त्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं नाही.